काय लिहू नको, ते आधी सांग

प्रिय ताई,

एम.ए.च्या प्रवेशयादीत नाव लागल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही "बरं झालं, आता जेवून घे" म्हणालात आणि फोन ठेवलात. बाहेर पेशंट बसले होते. आभार राहूनच गेले. समोर येऊन मानायला गेले असते तर तुम्ही मानू दिले नसते, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही रुग्णालयात एचआयव्ही तपासणीच्या समुपदेशक आहात, एवढंच सांगते; तुमचं आणि रुग्णालयाचं नाव घालत नाही. कुठे नाव छापून आलं की तुम्हाला किती अवघडल्यासारखं होतं, हे मी पाहिलंय.

समुपदेशनात एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो चुलत्यांकडून. "लोकांची रडगाणी ऐकायला डिग्री कशाला लागते?" त्यांचं सोडा, ते सगळ्यालाच असं बोलतात. खरी गंमत कॉलेजात झाली. ज्यांच्याकडे बी.ए.ला मानसशास्त्र शिकले त्या सरांकडे शिफारसपत्र मागायला गेले. आधी त्यांनी ओळखलंच नाही. मग ओळखलं, पण नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, गडबड होती. नॅक संपलं तर परीक्षा आल्या. शेवटी म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." लिहून नेलं, तर लेटरहेड प्राचार्यांच्या कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर गेलेल्या क्लार्ककडे. मी नमस्कार करून निघाले.

दुसरे भेटले ते शहरातले एक प्रवेश मार्गदर्शक. फी आगाऊ. खुर्चीत बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, "घरात काही झालंय का? कुणी गेलंय? डिप्रेशन, व्यसन, असं काही?" मी एक गोष्ट सांगितली. तुम्हाला ती ठाऊक आहे, आमच्या अर्ध्या गावाला ठाऊक आहे. त्यांचा चेहरा उजळला. "हे पहिल्या ओळीत घ्यायचं. पॅनेल हललं पाहिजे." दोन दिवसांनी त्यांनी इंग्रजीत निवेदन लिहून पाठवलं. त्यात मी उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडत होते. त्या दिवशी मी रडले नव्हते. आलेल्या माणसांना चहा करत होते.

त्यानंतर मी तुमच्या खोलीत आले. दुपारची वेळ, ओपीडी ओसरली होती, तुम्ही नुकताच डबा उघडला होता. माझ्या हातातला फॉर्म बघून झाकण परत लावलंत. तुमच्या खोलीतली खुर्ची टेबलाच्या पलीकडे नसते, कडेला, तुमच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी असते. तिच्यावर मला बसवलंत आणि जुन्या रजिस्टरचं पाठकोरं पान पुढे ओढून म्हणालात, "पत्रात काय लिहायचं ते बघू नंतर. काय लिहू नको, ते आधी सांग."

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. जो तो काय घालायचं, कसं घालायचं, कशाने वजन वाढेल, एवढंच बोलत होता. मी ती गोष्ट सांगितली. तुम्ही कारण विचारलं नाही, समजूत घातली नाही. मी पेनाकडे बघत होते. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि म्हणालात, "हे माझ्या डोक्यात राहील. कागदावर याची नोंदसुद्धा नको." मग टोपण काढून लिहायला लागलात.

तुम्ही जे लिहिलंत ते मी स्वतःबद्दल कधी लिहिलं नसतं. शेजारच्या खोलीत नोंदी भरताना मी पेशंटला नावाने हाक मारत नाही, उठून जवळ जाते, हे तुम्ही पाहिलं होतं. एक सासूबाई "सुनेची कसली तपासणी केलीत" म्हणत माझ्या टेबलाशी हटून बसल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि काहीच सांगितलं नाही. तोही प्रसंग तुमच्या लक्षात होता, तिचं नावगाव येणार नाही असा लिहिलात. पत्र झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवलंत, वाक्यावाक्याला थांबून "हे चालेल?" असं विचारत. एका ठिकाणी "घरच्या अडचणींवर मात करून" असं आलं होतं. मी म्हटलं, ताई, हे नको. तुम्ही ते वाक्य खोडलंत, का म्हणून विचारलंही नाहीत.

घरी जाऊन मी मार्गदर्शकांचं निवेदन बाजूला ठेवलं आणि माझं स्वतः लिहिलं. साधंच झालं.

नंतर लक्षात आलं, तुम्ही माझ्यासाठी वेगळं काही केलंच नव्हतं. तुमच्या खोलीत येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला, गरोदर बाईला, लग्न ठरलेल्या पोराला तुम्ही रोज हेच करता. आधी विचारायचं, मग सुई. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, बरोबर आलेल्या भावाच्या नाही. एचआयव्हीचा कायदा संसदेने २०१७ साली केला, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि त्याची माहिती दुसऱ्याला सांगणं नाही, हे त्यात आता कलमांनी बांधलंय. तुमच्या खोलीत ते त्याआधीपासून चालत होतं. रुग्णालयातले जुने सफाई कामगार सांगतात, नोंदींच्या कपाटाची किल्ली तुम्ही कमरेलाच लावून फिरायचात.

आणि इकडे बाजारात काय चाललंय ते तुम्ही बघताच. शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स झाला की सोमवारी दाराला 'समुपदेशक' अशी पाटी! पेशंटचे किस्से नाव बदलून व्हिडिओत सांगायचे, गाव मात्र तेच ठेवायचं. संबंधित आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा २०२१ साली आला. त्याच्या परिशिष्टात एचआयव्ही समुपदेशकांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तो वाचून मी तुम्हाला फोटो पाठवला होता. तुमचं उत्तर आलं, "वा. करार वाढवला का बघ त्यात." इतकी वर्षं कंत्राटावर आणि मार्च आला की काळजी. तरी दुसऱ्यासाठी डबा बाजूला सारायला तुम्हाला वेळ असतो. माझ्या सरांची नोकरी कायमची होती हो!

मुलाखतीचं सविस्तर सांगायचं राहिलंय. पॅनेलवर तिघं होते. "याच क्षेत्रात का?" या प्रश्नावर मी तुमच्या त्या कडेच्या खुर्चीबद्दल बोलले. एका मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "यामागे काही वैयक्तिक कारण?" मी म्हटलं, "आहे. पण ते इथे सांगायचं नाही असं मी ठरवलंय." बोलले खरी, पण हात थंडगार पडले. मॅडमनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला: गोपनीयता कधी मोडता येते?

हे तर तुमच्या दाराशी उभं राहून पाठ झालेलं. पेशंटच्या जोडीदाराला संसर्गाचा खरंच धोका आहे असं वाटलं तर सांगता येतं. पण आधी त्या माणसालाच सांग म्हणून समजवायचं. तो सांगणारच नाही अशी खात्री झाली, तर आपण सांगणार आहोत याची त्याला कल्पना द्यायची, आणि मगच जोडीदाराला, तेही समोरासमोर बसवून, धीर देऊन. विशेषतः बाईच्या बाबतीत, मारहाणीची, घराबाहेर काढण्याची भीती असेल तर सांगायचं नाही. हे सगळं त्या कायद्यात आहे, मी मात्र ते तुम्हाला करताना पाहून शिकले. मॅडमनी विचारलं, "कायदा वाचलाय?" मी म्हटलं, "कायदा नंतर वाचला."

तिथे माझं निवडीचं काम झालं असं मला वाटतं. तुम्ही म्हणाल, उगाच काहीतरी, तुझ्या मार्कांवर झालं. म्हणा.

आता कामाचं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप करावी लागते आणि जागेचं नाव आपण सुचवू शकतो. मी तुमचंच केंद्र लिहिणार आहे. मागच्या खेपेसारखं आधी तुमची परवानगी विचारते आहे, तेव्हा नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. शिफारसपत्र लागलं तर सरांकडून आणेन, तोवर क्लार्क रजेवरून आले असतील.

तुमची,
शेजारच्या खोलीतली