बोटीचं नाक वाऱ्याकडे

दिवाळे, नवी मुंबई
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

आपली १४ फुटी जुनी डिंगी अखेर पाण्यात उतरली. पण शीड चढवताना आमची जी शोभा झाली, ती तुला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

काल भरती गाठून मी आणि चुलतभाऊ जेटीवर गेलो. भरती गाठावीच लागते, नाहीतर खाडीत नुसता चिखल. शिडाच्या खिशांत पट्ट्या सरकवल्या, पुढच्या कडेची शिवलेली दोरी डोलकाठीच्या खाचेत घातली, खालचे दोन्ही कोपरे बूमला (शिडाच्या तळाशी असतो त्या आडव्या दांड्याला) बांधले, वरच्या कोपऱ्याला हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी. ओढायला लागलो तर शीड अर्ध्यावर अडलं! दोघं लोंबकळलो, खाचेला मेणबत्ती घासली, बोट विकणाऱ्याचा उद्धार केला. ढिम्म.

शेजारी जाळं विणत बसलेले कोळीकाका बराच वेळ मजा बघत होते. शेवटी म्हणाले, "आरं, होरीचं नाक वाऱ्याकरं करा आदी!"

वारा बाजूने येत होता रे. त्यात बूमची शीट, म्हणजे बूम आत-बाहेर करायची दोरी, आम्ही करकचून बांधलेली, त्यामुळे शीड फुगायचं आणि त्याच्या कडेची दोरी खाचेत आवळली जायची. नाक फिरवलं, शीट मोकळी सोडली. शीड फडफडत एका हाताने सरसर वर!

मी टाळ्या वाजवतोय तोवर भावाने हॅलयार्ड खुंटीला बांधण्याआधीच सोडली. टोकाला गाठ नव्हती (गाठ मारायचं काम माझं होतं, हे त्याला बोललो नाही). शीड डोक्यावर आणि दोरी वरच्या कप्पीतून सटकून पाण्यात. मग ओहोटीची वाट बघितली, बोट चिखलात कुशीवर पाडली आणि गुडघाभर रुतून दोरी पुन्हा ओवली. काका सांगत होते, त्यांच्या वडिलांच्या होडीला खाचबिच नव्हती. शीड परबाणाला, म्हणजे डोलकाठीवर तिरक्या चढणाऱ्या लांब काठीला, बांधलेलं असायचं आणि परबाणासकटच वर जायचं. स्वतः काका मात्र इंजिनवाले.

आज पुन्हा गेलो. आधी गाठ, मग बाकी सगळं. शिडाच्या पुढच्या कडेपासून आडव्या सुरकुत्या पडत होत्या. हॅलयार्ड अजून ताणली तशा गेल्या. तासभर फिरलो. इंजिन नसलं की खाडीत पाण्याचा आवाज येतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

कालच्या ओढाताणीत एका पट्टीचा खिसा मात्र उसवलाय. घरातल्या सुईला ते कापड दाद देत नाही. येताना तुझ्या बाबांचं दाभण आण, आणि मेणाचा दोराही.

तुझा,
दिल्या