मुंग्यांचं सोनं

रामबाग, इंदूर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, बाबांचे डोळे बरे होईपर्यंत पत्रं तूच वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

तुझी तुटलेली पाटली परवा सराफ्यात सांधून घेतली. सकाळी लवकर गेले होते, रात्रीच्या खाऊगल्लीचा तेलकट वास अजून दुकानांच्या पायऱ्यांवर होता. एक म्हातारबा ब्रशने नालीकाठची माती गोळा करून घमेल्यात हलवत बसलेले. इथे त्यांना न्यारिया म्हणतात, बाबा झारेकरी म्हणायचे. पाणी गोल फिरवून ते हळूच सांडत होते. तळाशी काळी रेती आणि तिच्यात सोन्याचा एक कण, डोळे बारीक केले तेव्हा दिसला.

बाबा, तेव्हा तुमचं मुंग्यांचं सोनं आठवलं. राजसूय यज्ञाला खस, तंगण वगैरे पहाडी लोकांनी मुंग्यांनी उकरलेलं ‘पिपीलिक’ सोनं द्रोण या मापाने मोजून आणलं, असं सभापर्वात आहे म्हणालात आणि मी दहावीतल्या शहाणपणाने “थापा!” म्हटलं. आता कान पकडते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीकानेही तेच लिहिलंय: हिंदुस्थानच्या उत्तरेला कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या सोन्याची रेती उकरतात. मिशेल पेसेल या फ्रेंच भटक्याने १९९६ साली म्हटलं, की या मुंग्या म्हणजे बाल्टिस्तानातल्या देवसाई पठारावरचे मार्मोट, बिळं करणाऱ्या गलेलठ्ठ खारी. बिळातून निघालेली माती तिथले लोक सोन्यासाठी गोळा करत. सगळ्यांना हे पटतं असं नाही, मला पटलं.

पण मला जास्त धरून ठेवलं ते थोक जालुंगने. पश्चिम तिबेटातली ही खाण, सोळा हजार फुटांच्या वर. १८६७ साली कुमाऊंच्या मिलम गावचे पंडित नैनसिंग रावत वेष बदलून तिथे पोचले. इंग्रजांच्या नकाशासाठी अंतर मोजायला पावलं मोजत चालायचे, जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, म्हणजे हिशेब सोपा! खाण म्हणजे मैलभर लांब, पंचवीस फूट खोल चर. मधून ओढा वळवलेला, उतारावर कापड अंथरून त्यावर दगड. माती टाकायची, पाणी सोडायचं. हलकी माती वाहून जाते, सोनं कापडाच्या खळग्यांत अडकतं. घमेल्याचंच मोठं रूप की नाही?

वारा इतका, की तंबू सात-आठ फूट खोल खड्ड्यांत. तरी उन्हाळ्यात तीनशे तंबू आणि हिवाळ्यात सहाशे! मला आधी छापण्याची चूक वाटली. पण गोठलेली माती ढासळत नाही, म्हणून थंडीतच खणायचं. झोपायचं पालथं, गुडघे डोक्याशी घेऊन, पाठीवर असतील नसतील ते कपडे. (आई, बाबांना हे करून बघू देऊ नकोस.)

पाटली कपाटात ठेवली आहे. वजन जरा कमी भरलं. दुकानदार म्हणाला, घासणीत गेलं. मी वाद घातला नाही. बाहेर आले तेव्हा म्हातारबा त्याच पायरीखालची माती भरत होते.

तुमची,
ताई