कोचीच्या वाटेवर वाचायला

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

हे पाकीट चिवड्याच्या डब्याखाली ठेवतोय. तुला सापडेल तेव्हा मंगला एक्स्प्रेसनं इगतपुरी कधीच मागे टाकलेली असेल, म्हणजे मागे फिरून भांडायची सोय नाही. परवा जेवताना आवाज चढला तो दोघांचाही चढला. आई म्हणते, पोरगी एकटी निघाली म्हणून तुमचा जीव वरखाली होतोय. तसं नाही. संग्रहालय तर माणसानं एकट्यानंच बघावं. सोबत कुणी असलं की त्याला दुसऱ्या दालनातच चहाची आठवण होते. माझं म्हणणं फक्त कोचीबद्दल होतं. तिथे जिकडे जावं तिकडे पाणी. बस, हा विषय इथे संपला.

मट्टणचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी, तेव्हा त्या भागाला दुसरा वार ठेव. राजवाडा बांधला पोर्तुगीजांनी, राजासाठी. डचांनी 1663 मध्ये कोची घेतल्यावर डागडुजी केली आणि नाव मात्र ‘डच पॅलेस’ पडलं. बाहेरून बघून निराश होशील, आपल्याकडचा एखादा जुना वाडा बरा. पण राजाच्या शेजघरात शिर. भिंतभर रामायण आहे, दशरथाच्या यज्ञापासून अयोध्येला परत येईपर्यंत. एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर, आपण गेलो होतो तेव्हा आजी तिथून हलेना. पंचवटीत जन्म गेलेली बाई ती, मल्याळी रखवालदाराला मराठीत समजावत होती की हे सगळं आमच्या घराजवळ घडलं. तो मान डोलवत होता. तू माझ्या खांद्यावर झोपलेली होतीस, म्हणजे तसं तू पाहिलेलंच नाहीस.

सिनेगॉग 1568 चं. चपला काढाव्या लागतात, आणि ते बरंच आहे, कारण खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत, प्रत्येक हातानं रंगवलेली, एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. वर झुंबरांकडे सगळेच बघतात, तू खाली बघ. मट्टणचेरीच्या बाजारात कोंकणी कानावर पडली तर दचकू नकोस. गोव्याहून गेलेली सारस्वत मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. मराठीत रेटून बोललीस तरी थोडंफार निभेल.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं दाखवतात. तो 1524 मध्ये कोचीतच मेला, पण 1539 मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. त्यामुळे लोक कठड्यापाशी उभे राहून रिकाम्या जागेचे फोटो काढतात. तूही काढशील.

आता चिनी जाळी. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर लाकडी वाशांची ती अवाढव्य जाळी, मागच्या बाजूला दोरांना मोठमोठे धोंडे टांगलेले. चार-सहा जण मिळून दोर ओढतात, धोंडे एकेक करून खाली येतात आणि जाळं पाणी गाळत वर येतं. तू चार वर्षांची होतीस. एका माणसानं तुला दोर धरू दिला आणि तू अशी ओढायला लागलीस की जणू सगळं जाळं तुझ्यावरच अवलंबून आहे. जाळ्यात निघाले मूठभर मासे आणि एक खेकडा. तो खेकडा नाशिकला न्यायचा म्हणून तू भोकाड पसरलंस. ती माणसं हसत होती, आई हसत होती. मी तुझ्या फ्रॉकचा मागचा पट्टा असा घट्ट धरला होता की शिवण उसवली. फळीखाली पाणी होतं ना.

बाळूकाकाचं तुला माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा सगळं गाव पूर बघायला पुलावर होतं आणि मी घरात दार लावून बसलो होतो, हे तू पाहिलंयस. आधीच्याच वर्षी केरळात पूर आला होता, कोचीचा विमानतळ दोन आठवडे बंद पडला होता. आणि गंमत बघ, ते बंदरच पुरामुळे झालं म्हणतात. 1341 मध्ये पेरियार नदी अशी फुगली की मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं बुजलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं. म्हणजे गावाची कुंडलीच पाण्याची. तरी आम्ही शांत बसायचं.

फोर्ट कोचीचा किनारा पोहण्याचा नाही, तिथून जहाजं बंदरात शिरतात. तू चेराईच्या किनाऱ्यावर जाणार, मला ठाऊक आहे. जा. पण गुडघ्यापर्यंत. आणि जिथे गावातली माणसं उतरत नाहीत तिथे आपणही उतरू नये, संध्याकाळी तर मुळीच नाही, आणि शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी, आणि... असो. फारच झालं. सावरकर जलतरण तलावात तू माझ्यादेखत लांबी मारून आलीस तेव्हा शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला मी सांगितलं होतं, ती माझी मुलगी आहे म्हणून. तुला कधी बोललो नाही.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जायला आता वॉटर मेट्रो आहे, 2023 मध्ये सुरू झालेली, बॅटरीवर चालणारी बोट. आत गारवा, तिकीट मेट्रोसारखं. रस्त्यानं पूल ओलांडत वळसा घालून बसनंही जाता येतं. पण तू बोटीनंच जाशील, आणि मी तुझ्या वयाचा असतो तर मीही बोटीनंच गेलो असतो. लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत तेवढं चढल्या चढल्या बघून ठेव.

रोज रात्री फोन कर. मी उचलला नाही तर आईला कर, मी शेजारीच बसलेला असेन.

तुझा,
बाबा

ता.क. वेलदोडे आणू नकोस, घरात आहेत. मिरी आण, पाव किलो. आणि पाकिटातले दोन हजार आईला न सांगता ठेवलेत, होमस्टे रस्त्याकडचा बरा नसला तर बदल. पाण्याकडची खोली मिळाली तर घेऊ नकोस असं लिहिणार होतो, पण घे.