निळ्या पडणाऱ्या लेकरांचा नंबर पहिला लावा

संपादक महोदय,

माझ्या तीन वर्षांच्या नातवाला जन्मतःच हृदयाचा आजार आहे, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या पडद्याला छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. जरा पळाला की ओठ जांभळे होतात, मग आपणहून उकिडवा बसतो.

मे महिन्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको,’ असं सांगितलं होतं, आम्ही पाळलं. यादीत नंबर मात्र पाचवा. दुपारचा एक वाजला. ‘माले पानी दे वं माय’ म्हणत पोर रडून रडून निळं पडलं आणि त्याने मान टाकली. मुंबईच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं, म्हणून मी त्याचे गुडघे छातीशी दाबून धरले. सिस्टरने ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू झालं. रंग परत आला, ऑपरेशन रद्द झालं. त्या मंडळींनी धावपळ केली, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो सर्वांना एकच फूटपट्टी लावण्यावर.

पुढे मुंबईत भूलतज्ज्ञांनी समजावलं, दूध-जेवण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास. पण साखरपाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. अशा मुलांचं रक्त मुळात दाट असतं, तहानेने आणखी दाट होतं. त्यात भुलेने रक्तदाब उतरला की अशुद्ध रक्त फुप्फुसाला वळसा घालून छिद्रातून थेट अंगभर जातं. सलाईनच्या नळीतला हवेचा बुडबुडासुद्धा त्याच वाटेने मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. तिथे नातवाचा नंबर पहिला होता आणि ऑपरेशन सुखरूप झालं.

पण धुळ्याहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या वर. धडगाव-अक्कलकुव्याच्या आईबापांनी दाताला, हर्नियाला, मोडलेल्या हाताला तिथवर जायचं का? आता धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या भूलतज्ज्ञांना मुंबईतल्या बालहृदय-भूलतज्ज्ञांशी ऑपरेशनआधी फोनवर बोलण्याची कायमची सोय करून द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. ज्याच्या हृदयात दोष सापडेल, त्याच्या पालकांच्या हातात आजार, औषधं आणि भूल देताना घ्यायची काळजी लिहिलेलं कार्ड त्यांनीच द्यावं.

आमच्याकडे ते कार्ड सूनबाईने वहीच्या पानावर लिहिलंय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून नातवाच्या अंगणवाडीच्या दप्तरात ठेवलंय.

– एक आजी, अमळनेर (जि. जळगाव)