गिअर टाकताना इंजिन कुठं मोडतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गिअर कधी बदलावा यावर आपण वाचकांना सल्ला दिलात. काटा २००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे जाऊ देऊ नका, लाल पट्टीजवळ गेला की इंजिन गेलंच समजा, आणि स्पोर्ट्स कारलाही हाच नियम लावा, असा त्याचा एकूण सूर. भाजी आणायला जाणाऱ्या गाडीला हे चालून जाईल. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र हा सल्ला अर्धवट आहे, आणि घाटात तर तो नुकसानच करील. म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन बोरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून देण्याचं, दुकान चालवतो. त्याआधी बरीच वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये काढली. गाडी कोणी कशी चालवली हे मालकाच्या तोंडून कधी नीट कळत नाही. 'मी तर एकदम सांभाळून चालवत होतो' हे वाक्य पाठ झालंय. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं, पिस्टन टेबलावर घेतले, की मग खरं काय ते दिसतं. आणि खरं सांगायचं तर लाल पट्टीपर्यंत नेऊन वरचा गिअर टाकला म्हणून मोडलेलं धडधाकट इंजिन माझ्या टेबलावर क्वचितच येतं. लाल पट्टी ही बनवणाऱ्यानंच आखून दिलेली हद्द आहे. त्या हद्दीच्या आत इंजिन चालावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. हद्द ओलांडायला लागलात तर रेव्ह लिमिटर पेट्रोल तोडतो, गाडी गचके देते, बाकी काही होत नाही.

होंडाच्या एस२००० चं उदाहरण देतो, कारण शारजात या गाडीवर मी पुष्कळ काम केलंय. १९९९ मध्ये आलेली, दोन लिटरची, बिनटर्बोची गाडी. लाल पट्टी ९००० च्या आसपास. पूर्ण ताकद ८३०० ला मिळते. साधारण ६००० च्या आसपास तिचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, बदलतो, व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात आणि मग ती पळते. आता हिशेब बघा. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.०४५, तिसऱ्याचं १.४८१. दुसऱ्यात ७००० ला गिअर बदलला तर काटा ५०७० च्या आसपास येऊन पडतो, म्हणजे त्या कॅमच्या खाली, आणि गाडी मेल्यासारखी होते. काटा ६००० च्या वर पडायला हवा असेल तर दुसऱ्यात निदान ८३०० पर्यंत ओढावंच लागतं. ट्रॅकवर ही गाडी २००० ला गिअर बदलत चालवणाऱ्यानं तिच्यासाठी मोजलेले पैसे पाण्यात घातले म्हणायचे. आपल्या रस्त्यांवर तो प्रश्नच येत नाही, दुसऱ्याच गिअरला शंभरी पार होते. असो.

याउलट ह्युंदाईची आय२० एन लाइन घ्या. २०२३ पासून तिला सहा गिअरचा साधा मॅन्युअल मिळतो. एक लिटर, टर्बो. १७२ न्यूटन-मीटरचा जोर १५०० पासून ४००० पर्यंत सपाट मिळतो, आणि १२० अश्वशक्ती ६००० ला. तिथून पुढे ताणण्यात काहीच हशील नाही, नुसता आवाज. म्हणजे दोन्ही गाड्या हौशी लोकांच्या, दोन्हींना क्लच आणि दांडा, पण एकीचा हात दुसरीला चालत नाही. ताकद कुठं संपते हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघत नाही.

मग इंजिन मोडतं कुठं?

तिसऱ्यावरून चौथा टाकायला जाऊन दुसरा पडला की. पुन्हा एस२००० चंच घेतो. तिसऱ्यात ८५०० ला असताना चौथा टाकला तर काटा ६६६० च्या आसपास येतो. त्याच क्षणी हात चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला ११,७०० पर्यंत फिरवतात. इथं रेव्ह लिमिटरचा काही उपयोग नाही. तो पेट्रोल तोडू शकतो, रस्त्यावर फिरणारी चाकं थांबवू शकत नाही. आणि पिस्टन-रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. ९००० चे ११,७०० झाले म्हणजे फेरे तीस टक्के वाढले, ताण मात्र जवळजवळ सत्तर टक्के. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमच्या मागे धावू शकत नाहीत, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो.

अशी एक गाडी शारजात आली होती. मालक म्हणाला, 'काही झालं नाही, फक्त एकदा गिअर चुकला, गाडी मस्त चालते.' चालतही होती. कव्हर काढून स्प्रिंगा उतरवल्या. स्प्रिंगच्या डोक्यावर जी वाटीसारखी चकती असते, रिटेनर म्हणतात तिला, ती केरोसिनमध्ये धुऊन उजेडात धरली, तर आतल्या भोकाच्या कडेनं केसाएवढी चीर. या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलांना हीच दुखणी ठरलेली. चीर पडलेली चकती काही दिवस, कधी काही महिने तग धरते. मग एक दिवस फुटते, व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टन त्याला कुटून काढतो. मालकाला तेव्हा वाटतं, काल तर गाडी ठणठणीत होती! गिअर चुकल्यावर गाडी चालतेय म्हणून खूश होऊ नये, कव्हर उघडून बघावं, ते एवढ्यासाठी.

हात का चुकतो, तर दांडा मुठीत आवळून ओढल्यामुळे. मोकळा सोडला की दांडा स्प्रिंगेमुळे आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येऊन थांबतो. तिसऱ्यावरून चौथ्याला जाताना नुसता तळवा ठेवून सरळ मागे घ्यायचा, बाजूला जोर लावायचाच नाही. तिकडे शारजात स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे दांडा स्वतःकडे खेचला की दुसरा पडायचा. आपल्याकडे उलट. आपण दांडा स्वतःपासून दूर ढकलला तर दुसरा पडतो. चौथ्यावरून पाचव्याला जाताना मात्र दांडा आपल्याकडे घ्यायचा असतो, तो नीट आणला नाही की पडतो तिसरा. परदेशात चालवून सुट्टीवर आलेल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं, हाताची सवय लगेच बदलत नाही.

खालचा गिअर मुद्दाम टाकतानाही आधी मनात हिशेब हवा. एस२००० मध्ये तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना काटा सुमारे ३८ टक्के वर उडतो. ६००० ला असाल तर ८३०० होतात, चालेल. ७००० ला असाल तर ९७००, म्हणजे गेलं. आपल्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण एकदा रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात गिअर बदलून काटा किती उडतो ते बघून ठेवायला काही लागत नाही. आणि क्लच सोडण्याआधी थोडी रेस देऊन इंजिन तिथपर्यंत आणून ठेवावं. जुने एसटी ड्रायव्हर डबल क्लच मारून, म्हणजे दोनदा क्लच दाबून मधे रेस देऊन, हेच करत. तेव्हाचे गिअरबॉक्स त्याशिवाय गिअर घेतच नसत. आता सिंक्रोमुळे, म्हणजे गिअरांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांमुळे, गिअर मुकाट पडतो, पण इंजिनाला झटका बसायचा तो बसतोच.

आता आपला २००० चा नियम. सपाट रस्त्यावर, पाय हलका असताना, जरूर पाळा. पेट्रोल वाचेल. पण आंबा घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चौथ्या गिअरला १४०० वर एक्सिलरेटर तळाला दाबून धरला तर काय होतं ते सांगतो. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात, जिथं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, कमी फेऱ्यांना जास्त भार आला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. बऱ्याचदा निमित्त ठरतं ते तेलाचा एखादा थेंब. दाब एवढा चढतो की पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटते. माझ्याकडे आलेल्या अशा पिस्टनवर वितळल्याची खूण नव्हती, बिस्किटाचा तुकडा मोडावा तसा सरळ तुकडा निघाला होता. मालकानं त्या गाडीचा काटा कधी ३००० च्या वर नेला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. हा त्रास लक्षात घेऊनच २०१८ मध्ये इंजिन ऑइलची एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही प्रत आली. डब्यावर बघून घ्या. चढावर गाडी कण्हायला लागली की खालचा गिअर टाका, काटा ३००० वर जाऊ द्या. ते इंजिनाला सोसतं.

थंड इंजिनाचंही आपल्या सल्ल्यात काही नव्हतं. इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं होत नाही, तेलाला त्याहून वेळ लागतो. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ई४६ एम३ मध्ये आरपीएमच्या काट्याभोवती दिवे असत. गाडी थंड असताना लाल पट्टी खाली यायची आणि तेल तापेल तसे दिवे एकेक करून विझत जायचे. असे दिवे सगळ्या गाड्यांना नसतात, तेव्हा पहिली दहा-पंधरा मिनिटं निम्म्या फेऱ्यांच्या आत राहावं.

आणखी एक, जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांसाठी. फेरे हद्दीपलीकडे कधी आणि किती गेले याची नोंद काही गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. पोर्शच्या बऱ्याच मॉडेलांत ती टप्प्याटप्प्यानं साठवलेली असते आणि परदेशात ती बघितल्याशिवाय जाणकार सौदा करत नाहीत. वरच्या टप्प्यांत नोंद असेल तर गिअर चुकलेला आहे, कारण नुसत्या एक्सिलरेटरनं तिथवर जाता येत नाही. विकणारा काहीही सांगो, आधी ती नोंद काढून मागा, आणि मग चारही सिलिंडरचं, सहा असतील तर सहाही सिलिंडरचं, कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासून घ्या.

आपला,
शिवाजी उद्यमनगरातला एक बोरिंगवाला, कोल्हापूर