फक्त प्राध्यापकाच्याच जागेची वाट नको पाहू

प्रिय पिंकी,

काल तू फोनवर म्हणाली का बाबा, प्राध्यापकाच्या जागाच निघून नाही राहिल्या, एम.एस्सी. करून काय फायदा, तवापासून माझं मन लागून नाही राहिलं म्हणून हे लिहितो. विद्यापीठ म्हणजे नुसते प्राध्यापक नसतात न बेटा, परीक्षा विभाग, लेखा, आस्थापना, लायब्ररी, लॅब, सगळीकडं माणसं लागतात, अन् जागा निघाली का ज्याचे कागद तयार त्याचाच फॉर्म टिकते.

सहायक प्राध्यापकाचं तुले माहीतच आहे, एम.एस्सी.ले 55 टक्के (आपल्याले ओबीसीत 5 टक्के सूट) अन् नेट, सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, नेट देशाची, सेट राज्याची) नाहीतर पीएच.डी. बॉटनीवाल्यायले नेट सीएसआयआरची (केंद्राच्या विज्ञान संशोधन परिषदेची) लाइफ सायन्सेसची द्या लागते, तिथं चुकलं का मार्क कापतात. सेटमधे कापत नाही, म्हणून मले वाटते सेट आधी काढ, महाराष्ट्र अन् गोव्यात चालते, आपल्याले तेवढं पुरे. तासिकेवरचं काम मिळालं तर घे, शिकवायचा सराव होते, पण त्याच्या पगारावर घर चालन असं मनात धरू नको.

आता माझं खरं म्हणणं ऐक. टायपिंग लाव. कनिष्ठ लिपिकाले मिनिटाले मराठी 30 नाहीतर इंग्रजी 40 शब्दांची स्पीड मागतात, परीक्षा परिषदेचं सर्टिफिकेट लागते, अन् बोटं बसायले महिने जातात, जाहिरात आल्यावर शिकतो म्हटलं तर होत नाही. आपल्याच गावातल्या एका पोराचं तसंच झालं, डिग्री होती, एमएस-सीआयटी होतं, टायपिंगचा निकाल शेवटच्या तारखेनंतर लागला अन् छाननीतच नाव गेलं. लय हुशार पोरगं, मले अजून वाईट वाटते.

जाहिरातीची पीडीएफ आली का नुसत्या पदाच्या नावावर जाऊ नको, शैक्षणिक अर्हतेचा रकाना मोबाईलवर मोठा करून शब्द न शब्द वाच. प्रयोगशाळा सहायकाले तुझी बी.एस्सी. चालू शकते, पण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात संशोधन सहायकाले कृषीची डिग्री मागतात, तिथं फीचे पैसे घालू नको. शुद्धीपत्रकं पण पाहत जा, तारखा तिथंच बदलतात. अन् सीएसआयआर नेटमधे जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, बसली तर महिन्याले 37,000 भेटते, पीएच.डी. करता करता घरी मागा लागत नाही.

तुई आई म्हणते पोरीले एवढं दडपण नको देऊ. दडपण नाही बाप्पा, तुझ्यात दम आहे हे मले माहीत आहे म्हणून सांगून राहिलो. टायपिंगची फी तूर विकली का पाठवतो, तू नाव टाकून दे. शनिवारी येशीन तवा ओरिजिनल टीसी अन् जातीचा दाखला संग आण, नॉन क्रिमीलेअरचा अर्ज सेतूत टाकायचा आहे, जुन्याची मुदत संपत आली.

तुझे बाबा