सुहासला पत्र : परक्या सरकारचा पैसा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. "परदेशी सरकारचा पैसा आला की मागोमाग त्याचा हात येतोच," असं तू म्हणालास. कोर्टाची कामं फुकट करणारी तुमची संस्था तसा पैसा कधीच न घेण्याचा ठराव करणार आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझी शंका रास्त आहे, पण दक्षिण आफ्रिकेत काय घडलं ते ऐक. डिसेंबर १९५६ मध्ये तिथल्या गोऱ्या सरकारने १५६ जणांना देशद्रोहाच्या आरोपाखाली धरलं. त्यांत मंडेलाही होते. लंडनचे पाद्री जॉन कॉलिन्स यांनी त्यांच्या वकिलांसाठी आणि घरच्यांसाठी निधी जमवला. १९६१ पर्यंत एकही आरोप टिकला नाही. पुढे कॉलिन्स यांच्या त्याच निधीचा 'इंटरनॅशनल डिफेन्स अँड एड फंड' झाला. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने त्यावर बंदी घातली. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

पैसा मुख्यतः सरकारांचा होता, आणि त्यात स्वीडनचा वाटा सगळ्यांत मोठा. संयुक्त राष्ट्रांनीही १९६५ मध्ये एक विश्वस्त निधी काढला, त्याचं काम तिथले आपले भारतीय अधिकारी ई. एस. रेड्डी वर्षानुवर्षं बघत होते. वकिलांची फी लंडनच्या एका प्रतिष्ठित सॉलिसिटर फर्ममार्फत जायची, मूळ पैसा कुणाचा हे कुठेही न दिसता. कैद्यांच्या घरच्यांसाठीची व्यवस्था तर विलक्षण होती. ब्रिटनमधली साधी माणसं कैद्यांच्या बायकांना आपण होऊन लिहिल्यासारखी पत्रं लिहायची आणि सोबत पैसे पाठवायची. पत्रात हवापाणी, मुलांची शाळा, बागेतली फुलं. राजकारणाचा शब्द नाही. उत्तर आलं की ते गुपचूप निधीच्या कचेरीत पोचवायचं. त्या पैशातून घरभाडं निघायचं, मुलांची फी निघायची, आणि रॉबेन बेटावरच्या तुरुंगात नवऱ्याला भेटायला जायचं गाडीभाडंही. भेट अर्ध्या तासाची, तीसुद्धा पहारेकऱ्याच्या देखत. स्वीडनच्या करदात्याचं नाव त्या घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. सरकारं देतात तेव्हा फलक लावतात, फोटो काढतात. इथे वर्षानुवर्षं तोंड मिटून दिलं.

गुप्ततेत धोकाही होता. जिनिव्हाच्या एका निधीत, ज्यात स्वीडनचाच पैसा होता, क्रेग विल्यमसन नावाचा प्रिटोरियाचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचा, हेर वरच्या पदापर्यंत पोचला. १९८० मध्ये तो उघडा पडला आणि ती संस्थाच बुडाली. कॉलिन्स यांच्या निधीत मात्र त्याला शिरकाव मिळाला नाही.

आणि स्वीडनला मी संत म्हणत नाही. त्यांच्या कंपन्या तिथे धंदा करतच होत्या. नव्या गुंतवणुकीवर बंदी यायला १९७९ उजाडलं, व्यापारावर १९८७.

आता तुझं वाक्य. जवळपास हेच वाक्य प्रिटोरियाच्या सरकारने १९७४ मध्ये कायद्यात घातलं होतं. परदेशी पैशावर राजकारण करणारी संस्था 'बाधित' जाहीर करायची आणि तिची परदेशी मदत तोडायची. पहिला बडगा विद्यार्थी संघटनेवर पडला, पुढच्या वर्षी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट या वर्णभेदविरोधी संस्थेवर. सरकारला विरोध करणाऱ्या संस्थांचा पैसा आटवायचा, हा त्यामागचा हेतू. म्हणून 'परदेशी' एवढ्या एका शब्दावर पैसा नाकारणं मला पटत नाही.

तुझा दुसरा मुद्दा, परावलंबनाचा, मी पूर्ण मान्य करतो. २० जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेची परदेशी मदत थांबवणारी एक सही झाली आणि जगभरातल्या किती संस्थांची कामं जागच्या जागी थांबली, आपण पाहिलंच. आपल्याकडे तर एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा छोट्या संस्थेला पुढे देताच येत नाही. तालुक्याच्या गावी फुकट कोर्टाची कामं करणाऱ्या तुमच्यासारख्यांचीच त्यात अडचण होते. हिशेब जरूर मागावा, पै-पैचा मागावा, पण छोट्याचा रस्ताच का बंद करायचा?

माझी सूचना अशी. 'कधीच नाही' हे शब्द ठरावातून काढा. त्याऐवजी लिहा : कुठला खटला लढायचा हे आम्हीच ठरवणार, देणगीदाराची कामाबाबतची कुठलीही अट मानणार नाही, हिशेब गावासमोर ठेवणार, आणि निम्म्याहून जास्त खर्च एकाच देणगीदारावर अवलंबून ठेवणार नाही. हा शेवटचा आकडा माझा आहे, तुम्ही बैठकीत बदला.

कॉलिन्स १९८२ मध्ये गेले. निधीवरची बंदी १९९० मध्ये उठली आणि १९९१ मध्ये काम संपलं म्हणून त्यांच्या माणसांनी निधी स्वतः बंद केला. कागदपत्रं आता केपटाऊनजवळच्या वेस्टर्न केप विद्यापीठात आहेत.

मसुदा बैठकीआधी पाठव, मी वाचून लगेच कळवतो. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
विनायक